भाचीचा विलायती वॉर्ड

नगरसेवक या प्राण्याबद्दल मला आयुष्यभर किळस वाटत आली. एकतीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवल्यामुळे ती किळस मला मुद्देसूद मांडता येते, एवढाच माझ्यात आणि इतरांत फरक.

क्रांती चौकातून जाताना मान वर केली की भावी नगरसेवक दिसतात. काळा चष्मा, पांढरा शर्ट, जोडलेले हात, आणि खाली दहा-बारा शुभेच्छुक, तेही काळ्या चष्म्यात. आमच्या महापालिकेत कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासक बसला होता, तरी या भावी लोकांची पैदास काही थांबली नाही. आमच्या कॉलनीतला एक जण इतकी वर्षं भावी राहिला, की पहिल्या फ्लेक्सवर त्याच्या कडेवर असलेलं पोरगं शेवटच्या फ्लेक्सवर स्वतः शुभेच्छुक म्हणून उभं होतं. अशा माणसांचा नमस्कारही मी घेत नसे. वॉर्डाच्या निवडणुकीत तर मी एकदाही मतदान केलं नाही. गटार कोणत्या बाजूनं काढायचं हे ठरवायला मी रांगेत उभा राहू?

विलायतेची गोष्ट वेगळी होती. ब्रिटिश राज्यपद्धती हा माझा हातखंडा पेपर. मतदारसंघ कसे आखतात, पक्ष उमेदवार कसा निवडतो, निवडून आलेला खासदार आपल्या मतदारसंघात ठरलेल्या दिवशी कसा बसतो आणि कुणीही फाटका माणूस त्याला जाऊन कसा भेटतो, हे सांगताना माझा आवाज भरून येई. समोर बसलेली पोरं जांभया देत, पण मला त्यांची कीव येई. मी स्वतः विलायत कधी पाहिली नाही. माझ्या पासपोर्टवर एकही शिक्का न पडता त्याची मुदत संपली. पण माझ्याकडे नोट्स होत्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी काढलेल्या त्या नोट्स मी निवृत्त होईपर्यंत वापरल्या, आणि त्यांतलं एक वाक्य बदलावं असं मला कधी वाटलं नाही. पाठ्यपुस्तकात शेवटी राष्ट्रकुलावर एक धडा होता. ब्रिटिशांचं राज्य गेलेल्या देशांचा तो शोभेचा मेळावा, परीक्षेला दोन मार्कांपुरता. तो मी "घरी वाचा" म्हणून सोडून देत असे. घरी तो मीही वाचला नव्हता.

निवृत्त झाल्यावर माझी बैठक शहागंजात हलली. तिथं माझा एक दोस्त आहे, कापडाचा व्यापारी. त्याचा थोरला मुलगा माझ्या हाताखालून गेला, म्हणून तो मला सर म्हणतो आणि मी गेलो की गादीवर आपल्या शेजारी जागा करून देतो. लगेच चहा येतो. निवडणूक कोणतीही असो, उमेदवार बाजारात फिरायला लागले की मी मुद्दाम तिथं जाऊन बसायचो, कारण माझ्या दोस्ताची एक खास पद्धत होती. उमेदवार आला की तो उठून पायरीपर्यंत जायचा, उजवा हात छातीवर ठेवायचा, जरासा वाकायचा आणि म्हणायचा, "आपलंच समजा, साहेब." सगळ्या पक्षांना हेच वाक्य, हाच सूर. चहा मात्र कुणालाच नाही. आणि उमेदवार पायऱ्या उतरायच्या आत तो माझ्याकडं वळून एक डोळा मिटायचा. मग आम्ही दोघं बशीतला चहा हिंदकळेपर्यंत हसायचो. पंधरा वर्षं ही आमची करमणूक होती. राजकारणावर याहून खरं भाष्य मी कुठं ऐकलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी बी.ए.ला माझ्याच वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची आणि माझा शब्द न् शब्द लिहून घ्यायची. एम.ए. झाली, लग्न झालं, इंग्लंडमधल्या एका मध्यम गावात गेली. गावात मोठं हॉस्पिटल आहे, तिचा नवरा तिथं नोकरीला. एका रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"मामा, मी निवडणुकीला उभी राहतेय."

माझी छाती फुगली. "पार्लमेंटला?"

"नाही हो. इथल्या काउन्सिलला. आमच्या वॉर्डातून."

"म्हणजे नगरसेवक?"

"हो, तसंच म्हणा."

ज्या पोरीला मी विलायतेतली संसद शिकवली, ती विलायतेत जाऊन वॉर्डाला उभी राहिली. तिकडं गटारं नाहीत म्हणावं, तर तिचा जाहीरनामा कचऱ्याच्या तीन रंगांच्या डब्यांवर आणि फुटपाथवरच्या कुत्र्यांच्या घाणीवर होता. तिनं फोटो पाठवले. छातीवर पक्षाच्या रंगाचा गोंडा, पोळ्याच्या बैलाला बांधतात तसला. हातात लाकडी उलथनं. दारांना पत्रं टाकायची फट असते आणि फटीच्या आत कुत्री टपून असतात, म्हणून पत्रकं उलथन्यानं आत ढकलायची, असं तिनं हसत सांगितलं. पत्रकावर उभ्या पट्ट्यांचं एक चित्र होतं. तिच्या पक्षाची पट्टी ताडासारखी, विरोधकांच्या पट्ट्या बुटक्या, आणि शेजारी लिहिलेलं, 'इथं फक्त आम्हीच जिंकू शकतो.' मी ते चित्र मोठं करून पाहिलं. पट्ट्यांची उंची आणि त्यांवरचे आकडे यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आमच्या चौकातले फ्लेक्सवाले निदान आकडेमोडीच्या फंदात पडत नाहीत.

पक्षानं तिलाच का निवडलं, हेही तिनं सांगून टाकलं. वॉर्डात हॉस्पिटलमुळे आपल्याकडच्या नर्सेस आणि टेक्निशियन पोरं लई झालीत, असा पक्षाच्या एका पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यानं हिशोब करून ठेवला होता. "तुझी माणसं किती आणशील?" हा त्याचा पहिला प्रश्न. मला हसू आलं. जातीचं गणित ते, फक्त इंग्रजीत आणि टाय लावून केलेलं.

"आणि तू हो म्हणालीस?"

"मामा, लायब्ररीसाठी."

ती लायब्ररी मला माहीत होती. पहिल्या हिवाळ्यात, पोटात बाळ, गावात ओळखीचं कुणी नाही, नवरा दिवसभर कामावर, तेव्हा ती रोज तिथं जाऊन बसायची. ऊब असायची आणि कुणी 'का बसलीस' म्हणून विचारायचं नाही. नंतर तिचा मुलगा तिथंच वाचायला शिकला. आता काउन्सिल ती बंद करायला निघालं होतं. काउन्सिलात दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीच्या. ही एक जागा इकडं आली तर लायब्ररी राहणार, नाही तर कुलूप. इतकं सरळ होतं ते. तिच्या आवाजात तेवढ्यापुरती वर्गातली पहिल्या बाकावरची पोरगी ऐकू आली. पण मी म्हणालो, "एका लायब्ररीसाठी एवढं घसरायचं?"

भाची वॉर्डाला उभी आहे हे मी कुणालाही सांगितलं नाही. शहागंजात तर नाहीच. मला लाज वाटत होती.

पुढच्याच आठवड्यात माझ्या दोस्तानं मला मोबाईल दाखवला. त्याचा धाकटा मुलगा त्याच गावात, त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. इथल्या पोरांनी एकमेकांना ओढत नेलं, त्यातला तोही एक. त्याच्या घरी काउन्सिलकडून पत्र आलं होतं. घरात कोण कोण राहतं ते कळवा, मतदार म्हणून नाव नोंदवा, उत्तर नाही दिलं तर दंड होऊ शकतो.

"सर, पोरगा पूछ रहा, भरू का नको? मैं बोला, रुक, सरांना विचारतो. आपके जितना कोन जानता इस में?"

हे शेवटचं वाक्य ऐकून माणूस सावध व्हायला पाहिजे. मी खुललो.

"फाडून टाक म्हणावं. मत हा नागरिकाचा हक्क. तुझा पोरगा तिथला नागरिक नाही, भारताचा आहे. दंडाची भीती घालणं हीच फसवणुकीची खूण."

"सर, ऐसा नक्को. आवाज में बोलो. माझं ऐकत नाय तो."

त्यानं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला आणि मी वर्गातल्या आवाजात बोललो. एकतीस वर्षं मी ब्रिटिश राज्यपद्धती शिकवली आहे. परदेशी माणसानं मतदार म्हणून नाव दिलं तर तो गुन्हा आहे. व्हिसा जाईल, उद्या परत पाठवतील. कुणीही असला फॉर्म भरायचा नाही. शेवटी मी दम घेऊन म्हणालो, "मी सांगतोय म्हणून." बोलताना बरं वाटलं. निवृत्तीनंतर इतकं मन लावून मला कुणी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी भाचीचा फोन आला. या वेळी ती हसत नव्हती.

"मामा, एक काम होतं. इथं आपल्या शहरातली बरीच मुलं-मुली आहेत. नावं नोंदवत नाहीयेत. मत नसतं असं कुणीतरी त्यांना सांगितलंय. तुमच्या ओळखी आहेत, तिथं त्यांच्या घरी सांगाल का? आठवडाच उरलाय."

"बरोबरच सांगितलंय कुणीतरी. नसतं मत."

"असतं, मामा. राष्ट्रकुलातल्या देशांच्या लोकांना असतं. इथं राहायची परवानगी असली की पुरे."

"कोणत्या पुस्तकात आहे?"

ती म्हणाली, "मी लिंक पाठवते. तुम्ही एकदा बघता का? तुम्हीच बघा."

"त्या मिशीवाल्यानं तुला बनवलंय," मी म्हणालो. "मला राज्यपद्धती शिकवू नकोस."

लिंक आली. मी उघडली नाही. आलेली लिंक उघडायची नसते असा माझा नियम आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर राष्ट्रकुल हा शब्द ऐकून मला तो न वाचलेला धडा आठवला होता. मी ते दाबलं. चूक निघाली असती तर शहागंजात जाऊन गादीवर बसल्या बसल्या ती मान्य करावी लागली असती. त्यापेक्षा मिशीवाला खोटारडा असणं मला सोयीचं होतं. आठवडा निघून गेला आणि नोंदणीही बंद झाली.

तिकडं मतदान गुरुवारी असतं. शुक्रवारी संध्याकाळी मी चहा घेत असताना फोन वाजला.

"नऊ मतांनी, मामा," भाची म्हणाली. "दोनदा मोजलं त्यांनी. नऊच."

"बरं झालं," मी म्हणालो. "चिखलातून सुटलीस."

तिनं 'हं' म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. हा चितेगावला एका कंपनीत सुपरवायझर आहे. बाप मोलमजुरी करणारा, हा घरातला पहिला पदवीधर, आणि याची मुलगी नर्स होऊन विलायतेत. दर चौदा एप्रिलला न चुकता मला जयभीम करायला येतो.

"सर, लई उपकार झाले तुमचे."

"कशाबद्दल रे?"

"तुमचा आवाज आला व्हता की ग्रुपवर. त्या गावात आपल्याकडची जितकी पोरं हायती, समद्यायला पोचला. माझी पोरगी म्हणली, पप्पा, तुमचे सर बोलतेत, मंग खरंच असंल. तिच्या घरातल्या पाच जणीनं फॉर्म फाडले. खालच्या मजल्यावर सहा पोरं ऱ्हात्यात, त्यायनं बी. कायतरी बाई मतं मागायला आली व्हती म्हणं, तिलाच पोरीनं तुमचा आवाज ऐकवला. म्हणली, आमच्या सरांचं ऐका."

पाच आणि सहा मिळून किती होतात हे कळायला राज्यशास्त्र लागत नाही.

मी फोन ठेवला आणि लिंक उघडली. सरकारी पान होतं. साध्या इंग्रजीत, माझ्या प्रथम वर्षाच्या पोरांनाही कळेल असं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असाल, तिथं कायदेशीर राहत असाल, तर नाव नोंदवता येतं. मग मी माळ्यावरून ते पाठ्यपुस्तक काढलं. राष्ट्रकुलाचा धडा कोरा करकरीत होता, पानं एकमेकांना चिकटलेली. एकतीस वर्षं मी हजारो पोरांना अर्धवट शिकवून बाहेर सोडलं आणि त्यांच्याच जांभयांची कीव करत बसलो. भावी नगरसेवकाला निदान आपण भावी आहोत हे माहीत असतं. मला तेवढंही माहीत नव्हतं.

मी भाचीला फोन केला.

"तुला तो आवाज ऐकवला होता?"

"हो."

"कधी?"

"तुम्हाला फोन केला त्याच्या आदल्या दिवशी." ती शांतपणे बोलत होती. "त्या मुलीनं दारातच मोबाईल लावला. तुमचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मी ओळखलं. तुमचं ते 'मी सांगतोय म्हणून' ऐकलं आणि मला वर्ग दिसला."

"मग तिथंच का नाही म्हणालीस, हा माणूस चुकतोय म्हणून?"

"तुम्ही माझे मामा. परक्या पोरींसमोर, परक्या उंबऱ्यावर, तुम्हाला चूक कसं म्हणायचं? म्हटलं तुम्हालाच लिंक पाठवावी. तुम्ही वाचाल आणि तुम्हीच सांगाल."

म्हणजे तिनं मला वाट करून दिली होती. एक आख्खा आठवडा. माझा मान राखता राखता ती नऊ मतांनी पडली. आमच्याकडं मोठ्यांचा मान असा राखतात, आणि माझ्यासारखे मोठे त्यालाच आपली विद्वत्ता समजतात.

"लायब्ररी?" मी विचारलं.

"लागणार कुलूप. पण पुढच्या वर्षी याच वॉर्डातली दुसरी जागा निवडणुकीला निघते. मी उभी राहणार. लावलेलं कुलूप काढताही येतं." मग म्हणाली, "मामा, माझ्यासाठी मतं मागू नका. तुम्ही फक्त त्यांना खरं काय ते सांगा. तुमच्या तोंडून."

त्याच दुपारी मी शहागंजात गेलो. दुकानात माझ्या जागेवर शेजारचा चपलांचा व्यापारी बसला होता. तो सरकला नाही, मीही बसलो नाही. उभ्यानंच माझ्या दोस्ताला म्हटलं, "मी तुझ्या पोराला चुकीचं सांगितलं. त्यांना तिथं मत आहे. त्यानं नाव नोंदवावं, त्याच्या दोस्तांनी पण. मोबाईल काढ, मी परत आवाजात बोलतो."

तो हसला. "सर, आप और गलत? कुछ बी."

"खरंच चुकलो. हे बघ, सरकारी पान आहे." मी माझा मोबाईल पुढं केला. त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"तुम्हीच बोले थे, व्हिसा जाईल."

"तेच चुकलं. माझी भाची आहे ना तिथं, ती त्या वॉर्डातून उभी होती. तिनं मला..."

वाक्य तोंडातून निघालं आणि काय झालं ते मला कळलं. दोस्ताच्या चेहऱ्यावरचं कोडं सुटलं. त्यानं चपलावाल्याकडं बघितलं, चपलावाल्यानं खाली बघितलं.

"अच्छा," तो म्हणाला. "भांजी खडी थी. पहले बताना था ना, सर."

"त्याचा याच्याशी संबंध नाही. हा कायदा आहे, मी सांगतोय म्हणून..."

वाक्य मी तिथंच तोडलं. या माणसानं माझं खोटं डोळे मिटून घेतलं होतं आणि सातासमुद्रापार पोचवलं होतं. आज मी पहिल्यांदा खरं बोलत होतो, आणि मला तिकीट मिळाल्यासारखं तो माझ्याकडं बघत होता. पुढच्या वर्षी भाची पुन्हा दारोदार फिरेल, उलथन्यानं पत्रकं ढकलेल, आणि आतून माझाच जुना आवाज ऐकू येईल. माझा नवा आवाज कुणी ग्रुपवर टाकणार नव्हतं.

चहा आला नाही. मी निघालो. पंधरा वर्षांत तो मला पोचवायला कधी उठला नव्हता, घरच्या माणसाला कोण पोचवतं? आज उठला. पायरीपर्यंत आला, उजवा हात छातीवर ठेवला, जरासा वाकला.

"आपलंच समजा, सर."

मी पायऱ्या उतरलो. आता तो गादीकडं वळून एक डोळा मिटणार हे मला माहीत होतं, म्हणून मी मागं बघितलं नाही.